पहिली वेळ, वय पंचावन्न

तोरणवाडीच्या रेवणसिद्धप्पा गुरुजींना मॉरिशसला जायला कसलीही अडचण नव्हती. पासपोर्ट येऊन पडला होता, जावयाने विमानाची तिकिटं पाठवली होती आणि सावित्रम्मांनी कडक भाकऱ्यांची चळत करायला घेतली होती. अडचण एकच होती, ती गुरुजींच्या डाव्या दंडावर होती, आणि गुरुजींच्या समजुतीप्रमाणे ती त्यांच्याशिवाय जगात कुणालाही ठाऊक नव्हती.

साल चौऱ्याहत्तर. जावई तिकडे एका साखर कारखान्यात केमिस्ट होता. एप्रिल लागला त्या दिवशी त्याचं पत्र आलं. दानम्माचे दिवस भरत आलेत, मेच्या पहिल्या आठवड्यात कधीही व्हायचं. घरात दुसरं बाईमाणूस नाही. मामंजी आणि मामींनी सत्तावीस एप्रिलच्या विमानाने यावंच, कारण तिकिटं बदलून मिळत नाहीत. शेवटी खाली रेघ मारून लिहिलं होतं: देवी टोचल्याचा पिवळ्या वहीतला दाखला दोघांजवळही हवा, नाहीतर विमानात चढू देत नाहीत.

दानम्मा एकुलती एक. पहिलं बाळंतपण, तेही समुद्रापार. सावित्रम्मांनी पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्या दिवशी जाऊन टोचून आल्या. टोचायचं की नाही, कधी, कुठल्या दंडावर, असा विचार वगैरे त्यांनी केलाच नाही. विचार करणं हे गुरुजींचं खातं होतं.

"तुमी कवा जायलाव?" त्यांनी विचारलं.

"अगं, मला घाई करून चालणार नाही," गुरुजी म्हणाले. "माझी बाब जरा निराळी आहे."

गुरुजींची एक सवय इथंच सांगून टाकलेली बरी. गावातला माणूस म्हणून बोलताना ते तोरणवाडीचंच बोलत. पण काही झाकायचं असलं की त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी शुद्ध होई. तीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या हे लक्षात आलं नसेल असं समजणारे गुरुजी भोळेच म्हणायचे.

त्यांची बाब खरोखरच निराळी होती. बावीस वर्षं ते गावच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. दर हिवाळ्यात तालुक्याहून देवी टोचणारा येई आणि शाळा रिकामी होई. पोरं कडब्याच्या गंजीत शिरत, हौदात उतरत, एकदा तर तिघंजण थेट चिंताकीला मामाच्या घरी जाऊन बसले होते. मग गुरुजी कट्ट्यावर उभे राहत, डाव्या हाताची बाही वर सारत आणि दंडावरच्या दोन गोल खुणा सगळ्यांना दिसतील असे वळत. "बघा हा दंड! ह्या दोन खुणा आहेत म्हणून तुमचा मास्तर आज जिवंत उभा आहे. मीसुद्धा तुमच्याएवढा असताना टोचून घेतलं. मी पळालो का?" पोरं म्हणत, "न्हाई गुर्जी." आणि एकेक करून हात पुढे येई. तालुक्यात सगळ्यांत जास्त पोरं टोचून घेणारी शाळा म्हणून तोरणवाडीला प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ते गुरुजींच्या बैठकीत काचेच्या चौकटीत होतं, दोन खिळ्यांवर, हलू नये म्हणून.

त्या दोन खुणा बिब्ब्याच्या होत्या.

लहानपणी गुरुजी पिंपळावरून पडले, दंड सुजला आणि आईने बिब्बा तापवून दोन डाग दिले. सूज उतरली, डाग राहिले. टोचणारा निजामाच्या काळात गावात आला होता हे खरं, पण गुरुजी त्याच्या हाती लागले नव्हते हेही तितकंच खरं. पुढे मास्तरकीच्या पहिल्याच साली पोरं ऐकेनात तेव्हा घाईघाईत बाही वर गेली आणि तोंडातून ते वाक्य गेलं. आता एकदा बोललेलं खोटं काही जागच्या जागी बसून राहत नाही, त्याला दरसाल थोडं खाऊपिऊ घालावं लागतं. बावीस वर्षांत त्या दोन डागांना हैदराबादचा एक गोरा डॉक्टर, त्याचा पांढरा घोडा आणि "शाब्बास रे पठ्ठ्या" म्हणून त्याने मारलेली थाप, एवढं सगळं चिकटलं होतं. शिवाय सुई बाहेर निघाली की गुरुजींना नेमकं आत हजेरीपुस्तकाचं काम आठवे ते वेगळंच. पण त्यालाही ते आता तत्त्व मानायला लागले होते.

पिवळी वही आणली ती शेजारच्या माणिकरावांनी वाचून काढली. माणिकराव तहसिलीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. छापील कागद दिसला की पंगतीत वाढायला उशीर झालेल्या माणसासारखे ते त्यावर तुटून पडत.

"गुर्जी, ह्यात दोन रकाने हायत," ते चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले. "एक पहिल्या येळचा, एक दुसऱ्या येळचा. आदी कवा तरी टोचून घेतलेलं असंल तर आता नुसतं पुन्हा टोचायचं. दाखला त्याच दिशी चालू. पण पहिलीच येळ असंल तर आठ दिवस थांबायचं, फोड आलाय का बगायचं, मंग दाखला. हे तान्ह्या लेकरांचं. तुमाला काय फिकर न्हाई, तुमचं तर गोऱ्या डाक्टरचं हाय."

"अर्थात," गुरुजी शुद्ध भाषेत म्हणाले.

त्या क्षणी त्यांच्या हातात चोवीस दिवस होते. आठ काय, दोन वेळा आठ दिवस बसले असते. गुपचूप कुठं तरी जाऊन 'पहिली वेळ' म्हणून टोचून घेतलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण गुपचूप कुठं जाणार? अख्ख्या भागात देवी टोचणारा एकच, जिल्ह्याचा शिक्काही त्याच्याच सहीवर मिळे, आणि तो होता भीमराज.

भीमराज हा गुरुजींचाच विद्यार्थी. त्याच्या वडिलांनी छप्पन सालानंतर बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव आणि देव्या टोपलीत घालून मांजरा नदीत सोडले. पुढं पोराला सरकारी नोकरी लागली, ती देवीडॉक्टरची. लोक देवी टोचणाऱ्याला देवीडॉक्टरच म्हणत, इलाज नव्हता. "आमच्या बापानं समद्या देव्या बुडवल्या, सरकारनं एक परत दिली," असं भीमराज स्वतःच हसून सांगायचा. पण हसण्याच्या पलीकडची गोष्ट अशी की, पाचवीत असताना हाच भीमराज टोचणाऱ्याला भिऊन चिंचेच्या शेंड्यावर चढून बसला होता. बाप खालून हाका मारून दमला. मग गुरुजी आले, त्यांनी बाही वर केली, आणि पोरगं फांदी फांदी उतरून खाली आलं. पुढं नोकरी लागल्यावर पेढे घेऊन आला तेव्हा तो म्हणाला होता, "गुर्जी, त्या दिशी तुमचा दंड बगितला, तवाच ठरवलं हेच काम करायचं." गुरुजींना तो पेढा गिळायला फार वेळ लागला होता.

आता त्या भीमराजपुढं जाऊन कुठल्या तोंडाने सांगायचं की बाबा रे, तू ज्याच्यासाठी खाली उतरलास तो बिब्बा होता?

म्हणून गुरुजींनी ठरवलं, 'पुन्हा' म्हणूनच टोचून घ्यायचं. पण दंड पाहिला की भीमराजला कळेल, अशी भीती. मग दंड दाखवायच्या आधी एखादा भक्कम कागद हातात असावा, म्हणजे दंडाकडे कोण बघतो? 'जुना कागद हाती असलेला बरा' एवढंच बोलून दाखवताच माणिकरावांना स्फुरण चढलं. "निजामाच्या काळात टोचल्याची नोंद असणारच. तवाचं दफ्तर लई काटेकोर. नक्कल काढा. कागद असला की दंड काय कामाचा?"

गुरुजी जिल्ह्याच्या गावी, बीदरला, गेले. सावित्रम्मांच्या वहीवर शिक्का मारून आणायचा होताच, तो पाच मिनिटांत मिळाला. मग पुढच्या खिडकीवरचा ईरण्णा नावाचा कारकून म्हणाला, अर्ज कानडीत पाहिजे. गुरुजींना कानडी येत होतं, त्यांनी लिहिला. ईरण्णा म्हणाला, अर्ज कानडीत झाला, पण जुनी नोंद उर्दूत असणार, ती कोण वाचणार? माणिकराव वाचतील. माणिकराव नातेवाईक लागतात का? नाही, शेजारी. मग चालणार नाही. तरी बघू म्हणून ईरण्णा आत गेला, चहा पिऊन बाहेर आला आणि म्हणाला की छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा दफ्तरही तीन ठिकाणी गेलं. काही इकडं म्हैसुराला आलं, काही मुंबईच्या राज्यात गेलं, काही आंध्रात राहिलं. तुमची नोंद कुठल्या राज्यात आहे ते तुम्ही सांगा.

"माझा दंड ह्या राज्यात आहे," गुरुजी कडाडले, "तर त्याची नोंद परराज्यात कशी?"

"दंड ऱ्हातो गुर्जी, कागद फिरतेत," ईरण्णा म्हणाला.

गुरुजी दुसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदा गेले. मधे सुट्ट्या आल्या, मधे ईरण्णाच्या मेव्हणीचं लग्न आलं. जी गोष्ट आयुष्यात कधी घडलीच नव्हती तिचा कागद सापडत नाही म्हणून गुरुजींना आता मनापासून संताप यायला लागला होता. परतीच्या बसमध्ये ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत, "अहो, निजामाची राजवट असेना का वाईट, पण नोंद म्हणजे नोंद!" सांगता सांगता त्यांना तो पांढरा घोडा डोळ्यांपुढं दिसे. एकदा तर घोड्याचं नाव काय होतं ते आठवायचा त्यांनी प्रयत्नही केला.

तिसऱ्या खेपेला ईरण्णाने दया केली. "दोन साक्षीदार आना. लहानपणी तुमाला टोचताना डोळ्यानं बगितलेले. लिहून घेतो, काम खतम."

पंचावन्न वर्षांच्या माणसाला लहानपणी टोचताना बघितलेला माणूस कुठून आणायचा? माणिकरावांनी बोटं मोजली आणि पलीकडच्या घरातल्या बसम्मांचं नाव काढलं. बसम्मा गुरुजींपेक्षा पाच वर्षांनी मोठ्या, माहेर ह्याच गल्लीतलं आणि सासरही ह्याच गल्लीतलं. गुरुजी नको नको म्हणेपर्यंत माणिकराव त्यांना हाक मारून मोकळे झाले.

बसम्मा ओसरीवर येऊन टेकल्या. प्रश्न ऐकला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"सिद्दूला? टोचलं? कोण मनलं?" त्या म्हणाल्या. "आरं, टोचणारा आला तवा तुज्या मायनं तुला ज्वारीच्या कणगीत घातलं की रं! वरून कोंडा म्या टाकला. माज्या ह्या हातानं. शिंकलास तू, आन तुज्या मायनं मलाच एक ठिवून दिली."

माणिकरावांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि गुरुजींच्या दंडाकडे टक लावून बघितलं.

"मंग हे वण?" त्यांनी विचारलं.

"अक्का, तुम्हाला दुसरा कुणी तरी आठवत असेल," गुरुजी म्हणाले. भाषा इतकी शुद्ध झाली होती की बसम्मांना अर्धी कळली नाही. पण सावित्रम्मा चौकटीत उभ्या होत्या, त्यांना सगळी कळली. आत गेल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. बावीस एप्रिल. विमानाला पाच दिवस.

त्या रात्री जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "मानाचं तुमी बगा. मला लेकीकडं जायचंय."

तीन आठवडे ते ज्याच्यामागे धावत होते तो आपला मान होता, लेक नव्हती, हे त्यांना त्या एका वाक्यात समजलं आणि फार लाज वाटली. लाज वाटली तरी माणूस लगेच सुधारतो असं नाही. पडल्या पडल्या त्यांनी नवा बेत केला: उद्या बाजाराच्या गर्दीत भीमराज गडबडीत असतो. बाही थोडीच वर करायची. 'पुन्हा' म्हणायचं. तो गुरुजींना कशाला तपासतोय?

तोरणवाडीचा बाजार मंगळवारी भरे. भीमराजने वडाखाली टेबल मांडलं होतं, भोवती कडेवरची लेकरं घेतलेल्या बायका. टेबलावर लांबच लांब वही उघडी होती. गुरुजींना बघताच भीमराज उठून उभा राहिला.

"गुर्जी! या या. मी दरसाल मनायलोय, एकदा तुमाला टोचू द्या. आज योग आला. कुटला दंड?"

गुरुजींनी पैरणीची बाही चार बोटं वर केली. भीमराजने ती हळूच आणखी वर सारली, दोन डागांवरून अंगठा फिरवला आणि बाही खाली केली. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"काय लिहू?" त्याने खाली वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं. "पहिली येळ, का पुन्हा?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटायचा सवाल न्हाई गुर्जी. तुमी सांगाल ते लिहितो."

"तुला कळलं?"

"नोकरीच्या पहिल्या हप्त्यातच कळलं. आमाला शिकवतानाच दाखवतेत, देवीचा वण कसला, बिब्ब्याचा कसला." तो सुई पुसत म्हणाला. "कुणापाशी बोललो न्हाई. तुमचा दंड बगून किती लेकरं झाडावरून उतरली, मला मालूम हाय. मी बी त्यातलाच."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षं ह्या पोराने आपलं झाकून ठेवलं, आणि आपण मात्र त्यालाच भिऊन तीन आठवडे कचेरीचे उंबरे झिजवत राहिलो. तेवढ्यात त्यांचं लक्ष वहीकडे गेलं. एकेका ओळीत नाव, वय, कितवी वेळ, आणि शेवटच्या रकान्यात सही.

"ही सही कुणाची?"

"माजी."

"उद्या कुणी दंड तपासला तर?"

"तर मला इचारतील." भीमराज हसला. "लिहू का? गर्दी वाढायलीय."

'पुन्हा' म्हटलं तर उद्या शिक्का, परवा बस, शनिवारी विमान, आठवडाभरात दानम्मा डोळ्यांपुढं. 'पहिली' म्हटलं तर ह्या वहीत कायमचं, सगळ्या बाजारादेखत. शेजारी बाई कडेवरच्या पोराला सांगत होती, "बग, गुर्जी बी टोचून घ्यायलेत." गुरुजींनी बाही पुन्हा खांद्यापर्यंत वर सारली.

"पैली येळ हाय, भीमराज," ते म्हणाले. आणि हळू बोलायला म्हणून गेले ते मास्तरकीच्या सवयीने खणखणीत बोलले. "आजवर म्या कवाच टोचून घेतलं न्हाई. तो बिब्बा हाय!"

वांगी तोलणाऱ्या बाईने तागडी खाली ठेवली. भीमराजने मान खाली घालून लिहिलं. गुरुजींनी नजर टाकली तर वरच्या ओळींत होतं: चार महिने, पहिली वेळ. सात महिने, पहिली वेळ. अडीच महिने, पहिली वेळ. आणि त्याखाली: पंचावन्न वर्षे, पहिली वेळ.

मग त्याने गुरुजींचा हात धरला आणि दुटोकी सुईने पंधरा टोचे दिले. तिसऱ्यालाच गुरुजी "अयायायाया!" म्हणून ओरडले. ते भाजीबाजार ओलांडून बैलबाजारापर्यंत ऐकू गेलं. कडेवरच्या अडीच महिन्यांच्या पोरीने मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. तिला आधीच टोचून झालं होतं आणि ती अंगठा चोखत होती.

गाव हसलं. मनसोक्त हसलं. दोन दिवस जो तो येऊन गुरुजींना बिब्ब्याचे गुण विचारून गेला. माणिकरावांनी मात्र वहीतले नियम पुन्हा वाचून, कायद्याने आता काही करता येत नाही हे जड मनाने जाहीर केलं. आठ दिवस म्हणजे आठ दिवस. गुरुजींचं तिकीट वाया जाणार. आणि सावित्रम्मा? बीदरच्या पुढं कधी एकट्या गेल्या नव्हत्या. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. माणिकराव म्हणाले, आता दोघांनीही राहावं, मुलीला तार करावी.

"मी जायलेय," सावित्रम्मा म्हणाल्या, आणि लुगड्याची घडी पेटीत ठेवली.

ठरलं असं की गुरुजींनी सोलापूरपर्यंत बसने, तिथून रेल्वेने मुंबईला जाऊन त्यांना विमानात बसवून यावं. निदान तेवढं तरी. गुरुवारी पहाटे पेटी डोक्यावर घेऊन गडी निघाला. गुरुजी धोतर सावरत मागे निघाले आणि वेशीपाशी बघतात तो बसम्मा, आणि त्यांच्यामागे गल्लीतल्या सात-आठ बाया उभ्या. बसम्मांच्या हातात कडुलिंबाचा डहाळा.

"सिद्दू, तू कुटं निगालास? अंगावर देवीआई बसलीय तुज्या. खपली पडूस्तोर वेस वलांडायची न्हाई."

"अक्का, ही देवी नाही, लस आहे! औषध आहे! मी बावीस वर्षं..."

"बावीस वर्सं काय केलास ते समद्या बाजारानं ऐकलंय," बसम्मा म्हणाल्या.

गुरुजींनी आशेने बायकोकडे बघितलं. लिंगायताच्या घरात, गळ्यात इष्टलिंग असताना, ह्या असल्या गोष्टी त्यांनी जन्मभर उंबऱ्याबाहेर ठेवल्या होत्या. सावित्रम्मांनीही ठेवल्या होत्या. पण त्या दिवशी त्या खाली बघत होत्या.

"माजा बी इश्वास न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "पर लेक अडलेली हाय. आजच्या दिशी कुणाचंच मन मोडू नगा. थांबा तुमी. सोलापुरात माजा भाऊ महादेवप्पा हाय, त्यो मला मुंबईपातूर पोचवील."

ते वेशीच्या आत उभे राहिले, सावित्रम्मा बाहेर गेल्या. बस आली, धूळ उडाली. चढताना त्यांनी मागे वळून बघितलं आणि हात वर केला. गुरुजी हात वर करायला गेले तो नेमका डावा होता, आणि तो वर जाईना.

पुढचे दिवस गुरुजी घरात होते की देव्हाऱ्यात, सांगता येणार नाही. दाराला लिंब लागला. घरात फोडणी बंद. बसम्मा दोन वेळा बिनतिखटाचा वरणभात आणून उंबऱ्यापाशी ठेवत आणि गुरुजींना नव्हे, त्यांच्या दंडाला हात जोडत. सातव्या दिवशी ताप चढला. दंड लालभडक झाला. भीमराज आठव्या दिवशी येऊन फोड बघून गेला, "झकास उठलाय गुर्जी," म्हणाला, आणि पिवळ्या वहीवर सही करून ती त्यांच्या उशाशी ठेवून गेला. शिक्का मारला की दाखला चालू. जायला कुठं नव्हतं.

नऊ मेला तार आली. मुलगी. दोघी सुखरूप. गुरुजींनी ती तार भीमराजला वाचून दाखवली, माणिकरावांना दाखवली, आणि दारं लावून घेऊन एकदा स्वतःलाही मोठ्याने वाचून दाखवली.

महिनाअखेरीस जाड पाकीट आलं. सावित्रम्मांनी लिहिलं होतं: 'विमानातल्या बाईनं काय तरी इचारलं, मी व्हय मनलं, तर च्या आला. पुन्हा इचारलं, पुन्हा व्हय मनलं, तर जेवण आलं. तुमी उगंच इंग्रजीचं भ्या घालत होताव. पिवळी वही त्या मानसानं उगडली, शिक्का बगितला, मिटली. दंड कुणीच बगितला न्हाई.' ही शेवटची ओळ गुरुजींनी दोनदा वाचली.

खाली दानम्माचं अक्षर होतं. 'अप्पा, तीन महिन्यांनी बाळाला देवी टोचायची म्हणतात. आई म्हणते काही होत नाही. पण आईला कशाचंच काही होत नाही. इथला डॉक्टरही हसून काही होत नाही म्हणतो. तुम्ही खरं सांगा. फार दुखतं का?'

गुरुजींनी दौत पुढं ओढली. पहिला कागद त्यांनी फाडला, कारण त्यात 'शास्त्राच्या दृष्टीने' असे शब्द येऊन पडले होते. दुसऱ्यावर लिहिलं:

'चिरंजीव दानम्मास आशीर्वाद. दुखतं बाळे. मी ओरडलो, ते अख्ख्या बाजाराला ऐकू गेलं. सातव्या दिवशी ताप येतो आणि हात वर होत नाही. तरी बाळाला टोचून घे. काही होत नाही असं तिला कुणी सांगू नये, दुखतंय हे ऐकून घ्यावं. टोचताना तिचा हात तू धर. मी तिथं असायला पाहिजे होतो. वेळ भरपूर होता. मानापायी घालवला. तुझा अप्पा.'

मग त्यांनी 'अप्पा'च्या आधी, ओळीच्या वर, बारीक अक्षरात घातलं: 'टोचलेला'.